२५ अंशांचा दिवा : एलईडीच्या उष्णतेचा इतिहास

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एका दिव्याचा इतिहास सांगणार आहे. नव्या श्रोत्यांसाठी आधी ओळख देतो. मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. भौतिकशास्त्राचा पदवीधर, नोकरी सगळी सिग्नल्समध्ये. आता मुक्काम नोएडात. घरच्या बाल्कनीत एक टेबल आहे, त्यावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि खोक्यांचा पसारा. बायको त्याला ‘तुमची चौकी’ म्हणते.

हाय-पॉवर एलईडी वापरून घरी दिवे करणारे पुष्कळ जण विचारतात : हीट सिंक किती मोठा घ्यायचा? पंखा लावायचा का? एलईडी तर थंड प्रकाश देतो ना, मग ही कटकट कशाला? उत्तर एका आकड्यात देता येईल, पण तो आकडा आला कुठून हे कळलं नाही तर माझी झाली तशी चूक तुमचीही होईल. म्हणून आधी माझी चूक सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका बांधकामाच्या साइटवर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. एक निवृत्त शिक्षिका तिथे संध्याकाळी मुलांना शिकवायच्या. वीज बेभरवशाची. मी म्हटलं, बाई, दिव्यांचं माझ्याकडे लागलं. डिसेंबरात सहा दिवे केले. प्रत्येकात १० वॅटचा एलईडी, करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर, १२ व्होल्टची बॅटरी. टेबलावर दोन-दोन तास चालवून पाहिले, सगळं ठीक. मग लहान मुलांची बोटं भाजू नयेत म्हणून एलईडी आणि हीट सिंक दोन्ही प्लॅस्टिकच्या बंद डब्यात बसवलं. दिसायलाही छान. बाईंनी आभार मानले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी घरी आलो.

जूनमध्ये सहज डोकावलो. एक दिवा मेलेला होता. उरलेल्या पाचांचा प्रकाश मळकट झालेला. मुलं दिव्याभोवती डोक्याला डोकं लावून बसली होती. एक मुलगी, दहावीची तयारी करणारी, वही जवळजवळ नाकाला लावून गणितं सोडवत होती. मला पाहून म्हणाली, “अंकलजी, बत्ती कम हो गई है.” कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, होळीनंतर उन्हाळा सुरू झाला तेव्हापासून. मी बाईंना म्हटलं, मला सांगितलं का नाही? त्या जरा संकोचल्या. फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कोण करतं, मंडळी? ते वाक्य त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं.

आधी मी बॅटरीला दोष दिला. तपासली, चांगली निघाली. मग दुकानदाराला दोष दिला. त्याचाही काही संबंध नव्हता. डबा उघडून सिंकला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तेव्हा कळलं.

आता मागे जाऊ. १९०७ साली मार्कोनी कंपनीतला हेन्री राउंड नावाचा इंग्रज इंजिनिअर कार्बोरंडमच्या खड्यावर रेडिओसाठी प्रयोग करत होता. खड्यातून वीज सोडली आणि त्यातून पिवळसर उजेड आला. त्याने एका नियतकालिकाला छोटी टिपण्णी पाठवली आणि आपल्या कामाला लागला. आम्हा सिग्नल्सवाल्यांना राउंड दुसऱ्या कारणासाठी ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात शत्रूचं जहाज कुठून रेडिओ संदेश पाठवतंय ते शोधणारी केंद्रं त्याने उभारली. १९१६ मध्ये जर्मन आरमार बंदरातून हललं, त्याचा सुगावा ब्रिटिशांना या केंद्रांनी दिला आणि पुढे जटलंडची लढाई झाली. दिव्याचा शोध त्याच्या हातून असा जाता जाता लागला.

विसाव्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह याने तोच उजेड नीट अभ्यासला. हा उजेड तापण्यामुळे येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. बल्बची तार तापते म्हणून उजळते. इथे तसं काही नव्हतं. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात हा माणूस उपासमारीने गेला. ‘एलईडीचा प्रकाश थंड असतो’ या समजुतीचं मूळ इथे आहे. ती खोटी नाही, पण अर्धी आहे.

उरलेली अर्धी अशी. बल्बची तार अडीच हजार अंशांच्या वर तापते. दिलेल्या विजेपैकी जेमतेम ५ टक्क्यांचा उजेड होतो, बाकीची बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने समोर फेकली जाते. बल्ब आपली उष्णता आपणच बाहेर टाकतो, आणि तापणं हाच त्याचा धंदा आहे. एलईडी विजेचा एक तृतीयांश भाग, चांगला असेल तर त्याहून जास्त, उजेडात बदलतो. पण उरलेली उष्णता किरणांतून बाहेर जात नाही. ती त्या मोहरीएवढ्या चिपच्या पोटात साठते आणि पाठीमागच्या धातूतूनच बाहेर पडू शकते. समोर हात धरला तर थंड, पाठीला हात लावला तर चटका. फलटणच्या ‘निंबकर कृषी संशोधन संस्थे’त डॉ. अनिल राजवंशी यांनी रॉकेलचा असा कंदील केला, की उजेड देता देता त्याच्या उष्णतेवर स्वयंपाकही व्हावा. ज्योतीच्या दिव्याचं ते करता येतं, कारण त्याची उष्णता वर येते. एलईडीची उष्णता मात्र तुम्हाला हाताला धरून बाहेर न्यावी लागते.

१९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी केला. पुढची ३०-३५ वर्षं एलईडी म्हणजे यंत्रावरची खूण. माझ्या तरुणपणी वायरलेस सेटवर लाल टिपका लागला की सेट चालू, एवढंच त्याचं काम. पाच मिलिमीटरचा तो गोल एलईडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्याची उष्णता त्याच्या दोन बारीक पायांतून जाते. हिशेब करू. २० मिलिअँपिअर आणि ३ व्होल्ट म्हणजे ०.०६ वॅट. अशा एलईडीला दर वॅटमागे साधारण २५० अंश चढतात. ०.०६ गुणिले २५० म्हणजे १५ अंश. काही बिघडत नाही. म्हणून दोन पिढ्यांनी उष्णतेचा विचारच केला नाही. पण त्याच एलईडीतून १ वॅट सोडायचं म्हटलं तर २५० अंश. दिवा लागायच्या आधी राख.

हा ‘दर वॅटमागे अंश’ काय प्रकार आहे? १८२२ मध्ये फ्रान्सच्या फूरिए यांनी उष्णता कशी वाहते याचं गणित मांडलं. तापमानाचा फरक जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. १८२७ मध्ये जर्मनीत ओहम यांनी त्याच धर्तीवर विजेचा नियम मांडला. शाळेत आपण तो घोकतो : व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. म्हणजे उष्णतेचं गणित आधी आणि विजेचं तिच्यावरून. आज आपण हौशी लोक उलट्या वाटेने जातो. व्होल्टेजच्या जागी तापमानाचा फरक, करंटच्या जागी वॅट आणि रोधाच्या जागी उष्णतेचा रोध ठेवतो. तोच नियम, तोच गुणाकार. ओहमचा नियम येणाऱ्याला हीट सिंकचं गणित येतं. त्याला फक्त तसं कुणी सांगितलेलं नसतं.

एलईडी छोटे होते तेव्हा उष्णतेशी झुंजत होते ते ट्रान्झिस्टरवाले. २एन३०५५ हा साठच्या दशकातला धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर. अँप्लिफायर केलेल्या प्रत्येकाने तो वापरलाय. खाली अभ्रकाची चकती, तिला दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट, मग ॲल्युमिनियमचा सिंक. त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं ११५ वॅट. पोरं खूष व्हायची. पण बारीक अक्षरात अट असते : ट्रान्झिस्टरची टोपी २५ अंशांवर असताना. टोपीतून ११५ वॅट जातायत आणि ती २५ अंशांवर राहील, हे प्रयोगशाळेत पाण्याने थंड केलं तर कदाचित जमेल. दिल्लीच्या जूनमध्ये तर हवाच २५ अंशांची नसते.

हा २५ अंशांचा आकडा आजच्या गोष्टीतला खरा खलनायक आहे. तसा तो खोटं बोलत नाही. सगळ्यांनी एकाच तापमानाला मोजावं, म्हणजे तुलना करता येते, एवढाच त्याचा हेतू. पण वाचणारा तो शब्द म्हणून धरतो.

फौजांना हे फार आधी भोवलं. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर अमेरिकी सैन्याची इलेक्ट्रॉनिक उपकरणं इतक्या वेळा बंद पडत, की १९५२ मध्ये त्यांनी खास सल्लागार गट नेमला. १९५७ मध्ये त्याचा अहवाल आला. साठच्या दशकात तर कोणता भाग कोणत्या तापमानाला किती लवकर बिघडेल याचा अंदाज करण्याची लष्करी पुस्तिकाच निघाली. आपल्याकडे तिन्ही दलांच्या उपकरणांसाठी ‘जेएसएस ५५५५५’ हे चाचण्यांचं प्रमाण आहे. भट्टीत ठेवा, गोठवा, हादरे द्या, धूळ मारा, मग बोला. सेट जैसलमेरला जायचा असेल तर जैसलमेरच्या तापमानाला तपासायचा, हे आम्हाला पढवलेलं होतं. आणि मी, ३० वर्षं तेच ऐकलेला माणूस, डिसेंबरातल्या नोएडाच्या बाल्कनीत दिवे तपासून जूनमधल्या पत्र्याच्या खोलीत पाठवून मोकळा झालो.

पुढचा टप्पा जपानचा. १९९३ मध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी केला. त्यावर पिवळं फॉस्फर लावलं की पांढरा उजेड. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्या निळ्या एलईडीसाठी मिळालं. नव्वदचं दशक संपता संपता ‘लक्सिऑन’ हा १ वॅटचा एलईडी बाजारात आला. त्याची खरी करामत चिपपेक्षा बुडात होती. चिपखाली धातूचा जाड ठोकळा आणि त्याखाली ॲल्युमिनियमची चांदणीच्या आकाराची पट्टी. २५० चा रोध १५ च्या आसपास आला. घरात दिवा लावण्याइतका मोठा एलईडी या धातूच्या वाटेमुळे शक्य झाला.

२०११ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याचं ६० वॅटच्या बल्बला पर्याय शोधणाऱ्याला ठेवलेलं बक्षीस फिलिप्सने जिंकलं. बल्ब १० वॅटहून कमी खाणारा, आणि अंगावर ॲल्युमिनियमच्या जाड पाकळ्या. पाहिलं की मोटरसायकलचं इंजिन आठवावं. २०१० नंतर काही उत्पादकांनी आपल्या एलईडीचा उजेड २५ ऐवजी ८५ अंशांना मोजून लिहायला सुरुवात केली. कागदावरचा आकडा कमी झाला, पण तो खरा दिवा जळतो त्या तापमानाचा झाला. मला यात प्रामाणिकपणा दिसतो.

दिल्लीत याचा मोठा दिवस ५ जानेवारी २०१५. त्या दिवशी पंतप्रधानांनी साउथ ब्लॉकमधला एक बल्ब बदलून एलईडी लावला आणि घरोघरी एलईडी वाटण्याची योजना सुरू झाली. तिचं नाव पुढे ‘उजाला’ झालं. त्या योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब गेले. सरकारी खरेदीचा भाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. देशाची वीज वाचली, हे मोठंच काम. पण बाजारातले एलईडी बल्ब हातात घेऊन पाहा. सुरुवातीचे जड होते, धातूचे होते. भाव उतरत गेला तसं बऱ्याच बल्बांतलं ॲल्युमिनियम पातळ झालं, वर प्लॅस्टिक आलं. तेवढ्या धातूत तो बल्ब उघड्या होल्डरमध्ये चालतो, पण काचेच्या बंद गोळ्यात घातला की लवकर जातो. आणि पुष्कळदा एलईडी शाबूत असतो, आतल्या ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकून मेलेला असतो. मेलेले बल्ब टाकू नका. वीज काढून, कपॅसिटर रिकामा झाल्यावर, आतली ॲल्युमिनियमची वाटी काढा. छोट्या एलईडीला सिंक म्हणून चालते.

दिल्लीत हे सामान घ्यायचं तर दोन जागा. लाल किल्ल्यासमोरचं लाजपतराय मार्केट, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी भरभराटीला आणलेलं. आणि चांदनी चौकातलं भगीरथ पॅलेस, विजेच्या सामानाची मोठी घाऊक पेठ. ही मूळ बेगम समरूची हवेली. सरधन्याची ही बाई स्वतःच्या पलटणी बाळगून होती. १८०३ मध्ये असईच्या लढाईत, म्हणजे आपल्या आजच्या जालना जिल्ह्यात, तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूला होत्या. मी तिथे सिंक घ्यायला जातो तेव्हा खांबांकडे एकदा पाहून घेतो. खोड जात नाही.

आता माझ्या दिव्याचा हिशेब, वही घेऊन बसा. १० वॅट आत, सुमारे ३ वॅट उजेड, ७ वॅट उष्णता. चिपपासून पाठीपर्यंत रोध २.५, पेस्टचा ०.५, सिंकपासून हवेपर्यंत ५. बेरीज ८. सात आठे ५६. डिसेंबरात बाल्कनीत हवा १५ अंश, म्हणजे चिप ७१ वर. झकास. जूनच्या रात्री पत्र्याच्या खोलीत थर्मोकपलने मोजलं : खोलीतली हवा ४२. बंद डब्यातली हवा ६०. सिंकभोवतीची हवा म्हणजे ही ६०, खोलीची नव्हे. ६० अधिक ५६ म्हणजे ११६. स्वस्तातला एलईडी रोज पाच-पाच तास ११६ वर शिजला, तर त्याचं फॉस्फर आणि वरचं सिलिकोन काळवंडणारच. तापमान दर १० अंश वाढलं की आयुष्य निम्मं, असा ढोबळ नियम आहे. ४५ अंश वाढले होते. करा भागाकार.

दुसऱ्या खेपेला तीन गोष्टी बदलल्या. पहिली, करंट ९०० वरून ४५० मिलिअँपिअर केला. उष्णता ७ वरून ३ वॅटवर आली. उजेड मात्र निम्म्यापेक्षा थोडा जास्त राहतो, कारण कमी करंटला एलईडी जास्त कार्यक्षम असतो. बॅटरीही दुप्पट वेळ पुरते. दुसरी, मोठा सिंक घेतला, रोध २.५, आणि तो डब्याच्या बाहेर, पाकळ्या उभ्या. गरम हवा वर जाते, तिला वाट हवी. बोटांसाठी वर भोकांची जाळी लावली. तिसरी, पेस्ट. पोळीला तूप लावावं इतकी पातळ. तिचं काम खाचा भरण्याचं आहे. जाड थर धातूच्या मध्ये आडवा येतो. नवा हिशेब : २.५ अधिक ०.५ अधिक २.५ म्हणजे ५.५. गुणिले ३ म्हणजे साडेसोळा. ४२ मध्ये मिळवा. चिप ५९ च्या आत.

आणखी एक इशारा. एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज उतरतं. स्थिर व्होल्टेजवर चालवला तर तो जास्त करंट ओढतो, आणखी तापतो, आणखी ओढतो. म्हणून मोठ्या एलईडीला करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हरच हवा. आणि मोजमाप करा. बॅटरीवरचा दिवा असेल तर सिंकवर पाच सेकंद बोट ठेवता आलं पाहिजे. घरच्या विजेवरच्या दिव्याला उघडा हात लावायचा नाही, तिथे थर्मोकपलच.

मोजणारंही तपासायचं असतं. २९ मे २०२४ आठवा. दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश नोंदवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने जाऊन तपासलं तर तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ होते, तेही कमी नव्हते. खात्याने चूक शोधली आणि जाहीर केली. मी ते वाचून माझी थर्मोकपल उकळत्या पाण्यात आणि बर्फात घालून पाहिली.

नवे सहा दिवे मी जुलैत नेले, पण देण्याआधी त्याच पत्र्याच्या खोलीत चार संध्याकाळी स्वतः बसून मोजले. मुलांना गंमत वाटली. ती मुलगी आकडे वाचायची, मी लिहायचो. तिने विचारलं, पहिले दिवे असे का नाही मोजले? मी म्हटलं, थंडीत मोजले होते, बेटा. ती म्हणाली, “पर पढ़ना तो गर्मी में भी था.” याला उत्तर नव्हतं. वहीत आकडा लिहिला.

साइटचं काम संपलं, खोल्या उठल्या, माणसं पुढच्या साइटवर गेली. बाईंनी दिवे मुलांबरोबर पाठवून दिले. आता मी दिवा कोणाला द्यायचा असला की तो मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या पत्र्याखाली चालवतो. आणि देऊन झाल्यावर महिन्याने जाऊन विचारतो, कारण ते आपणहून सांगणार नाहीत.

तुम्ही केलेला दिवा कोणत्या तापमानाला तपासलात, तो आकडा त्याच्या डब्यावर आतून लिहून ठेवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.